कोरा टेक

कप्तान चालतो ते आमच्या ह्यांच्यासारखं, हे मी आजवर इतक्या लोकांना सांगितलं आहे की आता सांगताना मलाच थापा मारल्यासारखं वाटतं. ग्रहाग्रहांवर फिरणाऱ्या त्या कप्तानाचे तीन चित्रपट आले आणि तिन्ही लोकांनी डोक्यावर घेतले. हेल्मेटची सोनेरी काच वर झाली की आत हिरो दिसतो. काच खाली गेली की आत आमचे हे असतात. पळणं, पडणं, तारेला लटकणं, धुरात उभं राहणं, सगळं काच खाली असतानाच होतं. डावा पाय जरा ओढत टाकायची कप्तानाची ती चाल ह्यांच्या दुखऱ्या गुडघ्याची आहे. हिरोनं ती ह्यांच्याकडून शिकून घेतली, आणि आता लोक कार्यक्रमांत त्याला ती चालून दाखवायला सांगतात. तो दाखवतो, टाळ्या घेतो आणि खाली बसतो. एकदाही ह्यांचं नाव त्याच्या तोंडून निघालेलं नाही.

मी पोशाख शिवते. कप्तानाचा पोशाखही माझाच, तीस वर्षांपूर्वीचा. पहिल्या भागाच्या वेळी पैशाच्या नावानं बोंब होती, म्हणून ह्यांना बनियनवर उभं करून अंगावर ओल्या कागदाचे थर दिले, ते वाळल्यावर कापून काढले आणि त्या साच्यावर पोशाख शिवला. चार तास हे हात पसरून उभे होते आणि नाकाला खाज सुटली की मला सांगत होते. आमचं लग्न त्यानंतर वर्षानं झालं. माप आधी घेतलं आणि नवरा मग केला, ही युनिटची चेष्टा पुढं वीस वर्षं चालली. एक मात्र झालं. तो पोशाख दुसऱ्या कुणाला कधीच नीट बसला नाही. हिरोसाठी छातीपर्यंतचा वेगळा शिवलेला होता, कारण त्याचं दर्शन छातीपर्यंतच व्हायचं.

हेल्मेटला आम्ही मडकं म्हणायचो. एकदा डोक्यावर चढलं की आत बाहेरचं काही ऐकू येत नाही आणि दिसतं तेही समोरचं वीतभर. पहिल्या भागात धुराच्या प्रसंगात हवेची नळी दुमडली आणि आत ह्यांचा श्वास कोंडला. हे हातपाय झाडायला लागले. सगळ्यांना वाटलं अभिनय चालला आहे. मोठे साहेब, म्हणजे आमचे दिग्दर्शक, मान हलवून वा वा करत होते. मला मात्र खांद्याच्या चुण्या दिसल्या. मुद्दाम हात झाडणाऱ्या माणसाच्या खांद्यावर तशा चुण्या पडत नाहीत. मी धावत कॅमेऱ्यासमोर गेले आणि मडकं उपटून काढलं. ह्यांचे ओठ काळेनिळे पडले होते. वाया गेलेल्या फिल्मवरून साहेब मला चार शब्द बोलले, मग ह्यांच्याकडे बघून गप्प बसले.

त्या दिवसापासून नियम झाला. प्रत्येक टेकला मी ह्यांच्या पाठीमागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, हात पोचेल इतक्या जवळ थांबायचं आणि बोटातल्या अंगुस्तानानं मडक्यावर वाजवायचं. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतो ती ही पितळी टोपी, तिचा आवाज मडक्यात लख्ख ऐकू जातो. एक टकटक म्हणजे सुरू करा. दोन म्हणजे थांबा. तीन म्हणजे काहीतरी बिघडलं आहे, आहे तसं सोडून मडकं काढा. पहिल्या दोन मी हजारो वेळा वाजवल्या असतील. तीन वाजवायची वेळ तीस वर्षांत पाच-सहा वेळा आली, आणि प्रत्येक वेळी ह्यांनी काय झालं असं न विचारता हातातलं सोडून मडकं काढलं. एकदा तर भाजता भाजता वाचले.

दुसऱ्या भागाचं शूटिंग संपलं त्या दिवशी मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की कप्तानाची गोष्ट जेव्हा संपेल, तेव्हा ह्या मडक्यातून जो बाहेर येईल तो तूच असशील. हिरो तिथंच होता, तोही हसला. बाकीचे ते तासाभरात विसरले. आमच्या घरात ते वाक्य कायमचं राहायला आलं. तिसऱ्या भागावर खर्च इतका झाला की गाजूनही तो बुडाला, त्याच्या दुसऱ्या वर्षी साहेब गेले, आणि मला वाटलं वाक्यही त्यांच्याबरोबर गेलं.

मग एके दिवशी त्यांचा मुलगा आमच्या घरी आला. चौथा भाग त्याच्याकडे आला होता, पण तिसऱ्याच्या खर्चाच्या पाचव्या हिश्श्यात करायचा होता. तेवढ्यात हिरोचं मानधनसुद्धा बसत नव्हतं. म्हणून त्यानं डोकं चालवलं होतं. पूर्ण चित्रपटात काच खालीच राहणार, आवाज दुसऱ्या कुणाचा तरी घेणार. आणि शेवटी, निर्मनुष्य ग्रहावर एकटा उरलेला कप्तान दगडावर बसतो आणि पहिल्यांदा हेल्मेट काढतो. आत म्हातारा, दमलेला, कुणी कधी न पाहिलेला माणूस.

"काका, बाबांचा शब्द आहे," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का, मला परवडणारा चेहराही हाच आहे."

दुसरं वाक्य ह्यांनी ऐकलंच नाही.  तो गेल्यावर हे उठून आरशासमोर गेले आणि मला म्हणाले, मिशी ठेवू की काढू?

पुढचे दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. ह्यांनी पुढचे दोन दात नवे बसवून घेतले. माझं सगळ्यांत मोठं पातेलं डोक्यावर उपडं घालून हे रोज सकाळी न्हाणीघरातल्या आरशासमोर ते काढायचा सराव करायचे. हळू काढू का, की एकदम? डोळे आधी मिटलेले असावेत का? मी म्हणायचे, आधी पातेलं द्या, आमटी करायची आहे. लेकीचा फोन आला की हे आधी नातीला मागायचे. नात सात वर्षांची. कप्तान म्हणजे माझे आजोबा असं तिनं वर्गात सांगितलं होतं आणि सगळा वर्ग तिला हसला होता. फोटो आण म्हणाले. फोटोत तर हिरो. तेव्हापासून तीही विचारायला लागली होती की आजोबा, खरंच तुम्हीच का? हे तिला सांगत, या वेळी सगळ्या वर्गाला घेऊन जा आणि शेवटपर्यंत थांबा, खुर्चीतून उठू नका.

मी इतकी वर्षं ह्यांना चिडवत आले. पण ह्यांना ते किती हवं होतं, हे मला तेव्हा कळलं. साठी उलटलेला माणूस नव्या वहीवर नाव घालणाऱ्या पोरासारखा हरखला होता.

शूटिंग सिमेंटच्या एका रिकाम्या गोदामात सुरू झालं. काटकसर काय असते ते तिथं बघावं. अंतराळयानाचा बोळ एकच, बारा पावलांचा. कप्तान इकडून तिकडे गेला की भिंतीवरचे फलक बदलायचे आणि त्याला तिकडून इकडे आणायचा. झाला दुसरा बोळ. भिंती अंड्यांच्या ट्रेंना राखाडी रंग मारून केलेल्या होत्या. यान चालवायच्या टेबलावर भंगारातल्या धुलाई यंत्रांची बटणं बसवली होती, आणि एकावरचं 'नाजूक कपडे' हे शब्द खोडायचे राहिले होते. ते पहिल्या दिवशी माझ्याच लक्षात आलं. तारे म्हणजे काळ्या कापडाला मी दाभणानं पाडलेली सहा हजार भोकं आणि मागं दिवा. तिसऱ्या भागात असले तारे काढायला संगणकापुढं चाळीस माणसं बसली होती. माझ्या ताऱ्यांपुढं ते फिकेच होते, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

खोटं कशाला बोलू, मजा येत होती. साहेबांचा मुलगा कामाला वाघ होता आणि आम्हाला मान देत होता. मला मावशी म्हणायचा. तिन्ही भागांत माझं नाव शेवटच्या घोळक्यात, 'इतर साहाय्य' खाली, तेही एकदा चुकीचं छापलेलं होतं. या वेळी सुरुवातीला, पडद्यावर एकटं येणार होतं. वेशभूषा, आणि खाली फक्त माझं नाव. ते त्यानं पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं होतं.

दुपारच्या चहाला हे जुन्या गोष्टी सांगत बसायचे आणि नवी पोरं हसून हसून बेजार व्हायची. त्यातच एकदा ह्यांनी कोऱ्या टेकची गोष्ट सांगितली. पहिल्या भागात पैसा घालणाऱ्या शेठच्या मेहुण्याला चित्रपटात यायचं होतं. परग्रहावरचा प्राणी होऊन कप्तानाच्या हातून मरायचं होतं. त्याला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती आणि फिल्म तर मोजून मापून होती. तेव्हा ह्यांनीच युक्ती काढली. कॅमेऱ्यात फिल्म न घालताच टेक घ्यायचा. युनिटला कळावं म्हणून टेकच्या आधी समोर धरतात त्या पाटीवर, आकड्याच्या खाली खडूनं एक आडवी रेघ मारायची. रेघ दिसली की समजायचं, कोरा आहे, फक्त तोंडं सरळ ठेवा. मेहुणा दहा मिनिटं मरत होता. उठला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढं त्यानं तो चित्रपट तीनदा पाहिला, स्वतःला शोधत. हे सांगताना ह्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं हसून. मीही हसले. आम्ही तेव्हाही हसलो होतो. साहेबांचा मुलगाही हसला आणि त्यानं विचारलं, रेघ आकड्याच्या वर मारायची का खाली? हे म्हणाले, खाली.

शूटिंगचे तीन दिवस उरले होते तेव्हा त्यानं मला कपड्यांच्या खोलीत गाठलं आणि दार लावून घेतलं. मी इस्त्री करत होते. तो उभ्या उभ्याच बोलला, आणि सगळा वेळ इस्त्रीकडे बघत बोलला. हिरोनं अर्धा दिवस द्यायचं कबूल केलं होतं. त्याचे मागचे दोन चित्रपट आपटले होते, कप्तान त्यालाही हवा होता. तो दुसरीकडे, त्याच्या सोयीनं, एका खोलीत बसून चेहरा देणार होता, आणि तो चेहरा आधीच चित्रित झालेल्या, काच खाली असलेल्या ह्यांच्या अंगावर संगणकानं बसवायचा होता. त्याचं नाव आलं म्हणून चित्रपटगृहंही दुपटीनं मिळत होती. हिरोची अट एकच होती. त्या हेल्मेटमधून दुसऱ्या कुणाचाही चेहरा बाहेर आलेला चित्रित होता कामा नये.

मी इस्त्री उभी करून ठेवली. ह्यांना कधी सांगणार, असं विचारलं. तो म्हणाला की तेच बोलायला आलो आहे. शेवटचा प्रसंग उद्या आहे, पण खड्ड्यात पडायचा मोठा प्रसंग त्यानंतरच्या दोन दिवसांत आहे. काकांना आज सांगितलं आणि काका निघून गेले, तर पोशाख दुसऱ्या कुणाला होत नाही आणि नवा शिवायला ना वेळ आहे ना पैसा. चित्रपट इथंच संपेल. म्हणून उद्याचा प्रसंग घ्यायचा, काकांनी हेल्मेट काढायचं, सगळं मनासारखं होऊ द्यायचं. फक्त घ्यायचा तो कोरा. नंतर सांगू की संकलनात कापला गेला. संकलनात तर भल्याभल्यांचं कापलं जातं, त्यात कमीपणा नाही.

मी म्हटलं, आता फिल्म कुठं लागते? चित्रित करायला आता दमडी पडत नाही. निदान घे तरी. नंतर हवा तर फेकून दे.

"मावशी, पैशाचा प्रश्न नाही," तो म्हणाला. "तो टेक असला तर उद्या कुठूनतरी बाहेर पडेल आणि करार मोडेल. तो असायलाच नको."

तीस वर्षांपूर्वी मेहुण्याचा टेक कोरा घेतला होता, कारण फिल्म महाग होती. आता फुकट आहे, तरी ह्यांचा चेहरा कोराच. मला त्याच्या कानफटात मारावीशी वाटली. मी मारली नाही. तो म्हणाला, काकांना तुम्हीच सांभाळू शकता, आणि मी मान डोलावली.

का डोलावली, याची कारणं मी नंतर पुष्कळ जमवली. ह्यांचं मन मोडू नये म्हणून. ह्यांना निदान तो एक क्षण तरी मिळावा म्हणून. युनिटमधल्या साठ माणसांच्या पोटासाठी. सगळी खरी आहेत आणि कुणालाही पटतील. पडद्यावर एकट्या येणाऱ्या माझ्या नावाचा त्या वेळी विचारही आला नाही, असं मी लेकीला सांगितलं. तेवढं खोटं आहे. आला होता. चित्रपट इथंच संपेल हे त्याचं वाक्य कानावर पडलं, तेव्हा सगळ्यांत आधी तोच आला होता.

दुसऱ्या दिवशी दगडाच्या एका बंद पडलेल्या खाणीत शूटिंग होतं. तोच आमचा निर्मनुष्य ग्रह. जिथं झुडपं होती तिथं राखाडी रंग फवारला होता. हे सकाळी माझ्याआधी तयार होऊन बसले होते. दाढी दोनदा केली होती. शेवटी मिशी ठेवली होती. पोशाखाला पाठीवर बेचाळीस हुका आहेत, त्या लावायला मला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ हे एरवी बडबड करतात. त्या दिवशी एकदाच बोलले.

"भीती वाटते गं," म्हणाले. "तीस वर्षं कधी वाटली नव्हती. आत होतो ना."

मी हुका लावत राहिले. बोलायला ती वीस मिनिटं पुरेशी होती. तेव्हा बोलले असते तर एवढं सगळं सांगायची वेळच आली नसती.

हे दगडावर बसले. त्यामागच्या मोठ्या दगडाआड मी गुडघे टेकून लपले, मडक्यापर्यंत हात पोचेल अशी. बोटात अंगुस्तान होतं. काच खाली गेली. सोनेरी काचेतून पाटीवरचा खडू वाचता येत नाही, असं मुलानं धरलं होतं. पाटीवाली मुलगी आली आणि तिनं पाटी बरोबर ह्यांच्या काचेसमोर धरली. दगडाच्या कडेवरून मला ती दिसत होती. आकड्याच्या खाली आडवी रेघ. अगदी सरळ, पट्टी लावून मारल्यासारखी. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागलेला नव्हता आणि त्यामागचा माणूस खाली आपल्या बुटांकडे बघत होता. पाटी वाजली. मुलानं मला हातानं खूण केली.

पाटी वाजली की हे नेहमी दगडासारखे स्थिर होतात. त्या दिवशी ह्यांनी मान किंचित मागे केली. माझ्या बाजूला, माझ्या हाताच्या अगदी जवळ आणली आणि तशीच ठेवली. मला वाटलं घाबरले आहेत, धीर हवा आहे. मुलगा पुन्हा खुणावत होता. मी एक टकटक वाजवली.

मडकं तरी तसंच राहिलं, दोन-तीन श्वासांइतका वेळ. मग हे हळूहळू पुढे झाले, हात वर नेले, हेल्मेट काढलं आणि मांडीवर घेतलं. पातेलं घेऊन केलेल्या सरावातलं त्यात काहीही नव्हतं. ह्यांनी डोळे मिटले नाहीत की काही केलं नाही. नुसतं समोर, कॅमेऱ्याच्या भिंगात बघत राहिले. मला पाठच दिसत होती, पण समोर उभ्या असलेल्यांचे चेहरे दिसत होते. पाटीवाल्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती पाणी पुसत होती आणि तिला रेघ ठाऊक होती, कारण तिनंच ती मारली होती. खूप वेळ गेला. मुलगा थांबा म्हणायचंच विसरला.

मग टाळ्या झाल्या. मुलानं येऊन ह्यांना मिठी मारली आणि म्हणाला, बाबा असायला हवे होते. ते तो मनापासून म्हणाला, याचीच मला चीड येते. हे हसले, त्याच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, खड्ड्याचा प्रसंग उद्या सकाळी ना? मग आज लवकर सोडा.

संध्याकाळी नातीचा फोन आला. आजोबा, दिसलात का? हे म्हणाले, बघू बाळा, संकलनात काय राहतं, काय जातं, आपल्या हातात नसतं. मी स्वयंपाकघरात होते.  मुलानं ठरवलेली थाप ह्यांच्या तोंडून कशी आली? मग माझी मीच समजूत घातली. एवढी वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला हे काय सांगायला लागतं? उलट बरंच झालं, मला वेगळं सांगायला नको. त्या विचारानं मला हायसं वाटलं. माणूस किती खालच्या पायरीवर जाऊन बसतो आणि तिथं वारा लागतो म्हणून खूश होतो, ते मी त्या संध्याकाळी अनुभवलं.

पुढचे दोन दिवस हे खड्ड्यात पडत होते. सात वेळा पडले. दुखरा गुडघा सुजून पोशाखात दाटला तरी हूं की चूं केलं नाही. प्रत्येक वेळी पाटी आली, रेघ नव्हती, मी एक टकटक वाजवली आणि हे पडले. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलानं शूटिंग संपल्याचं जाहीर केलं. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले, फोटो निघाले. ह्यांनी काच खाली ठेवूनच सगळ्यांबरोबर फोटो काढून घेतले.

मग आम्ही दोघं कपड्यांच्या खोलीत आलो. हे माझ्याकडे पाठ करून उभे राहिले, मडकं टेबलावर ठेवलं आणि मी वरून हुका काढायला लागले. दहा-बारा निघाल्या असतील.

"पाटीवरची रेघ दिसली मला," हे म्हणाले.

माझे हात थांबले.

"आकड्याच्या खालीच मारली होती. बरोबर शिकला."

मी म्हटलं, अहो, ऐका. हे म्हणाले, काढत राहा, गुडघा ठणकतोय. मी पुढची हूक काढली. हे आवाज न चढवता, समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होते. त्या पोराचं मला काही नाही, म्हणाले. तो परका. त्याच्या बापाचा शब्द त्यानं का पाळावा? मी त्या मेहुण्याला हसलो होतो, ते फिटलं असं धरेन. 

"मान मागे केली होती मी. तुझा हात पोचावा म्हणून." माझ्याकडे वळले नाहीत. "वाटलं, हिला माहीत नसेल. रेघ दिसली की तीन वाजवेल. तू एकच वाजवलीस, आणि मग कळलं की तुला आधीपासून माहीत होतं."

मी कशीबशी म्हणाले, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं.

"वाईट तर वाटणारच होतं," हे म्हणाले. "आदल्या दिवशी तू सांगितलं असतंस, तर घरी वाटलं असतं. चारचौघांत टाळ्या घेत वाटून घ्यावं लागलं नसतं."

 ह्यांच्या खांद्यांवर चुण्या पडल्या होत्या. त्याच, तीस वर्षांपूर्वी धुरात दिसलेल्या. तेव्हा मी धावले होते. आता एका हाताच्या अंतरावर उभी होते आणि माझे पाय जागचे हलले नाहीत.

"तीस वर्षं आत ऐकू येत नव्हतं, दिसत नव्हतं," हे म्हणाले. "तरी भीती नव्हती. पाठीमागे तू होतीस." मग म्हणाले, "उरलेल्या काढ. श्वास कोंडतोय."

उरलेल्या सगळ्या हुका मी काढल्या. पोशाख खाली गळला, ह्यांनी त्यातून पाय काढून घेतले, सदरा घातला, बटणं स्वतःच लावली. जाताना दारात थांबून माझी पिशवी उचलून घेतली, कारण ती जड होती आणि ती हे नेहमीच उचलतात. मी अंगुस्तान काढायला गेले तर बोट सुजलं होतं, ते निघेना.